कोळसा खाणीच्या आसपासचं पाणी कसं तपासायचं: ओढ्यापासून बोअरपर्यंत एकेक पायरी

खाणीच्या आसपासच्या पाण्याची तपासणी म्हटलं की बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार चालतो. तीन महिन्यांतून एकदा कुणीतरी गाडी घेऊन येतं, ठरलेल्या पाच-सहा जागांवरून बाटल्या भरतं, लॅबचा रिपोर्ट येतो, रिपोर्टमधे प्रत्येक आकड्यापुढे "मर्यादेत" असं लिहिलेलं असतं आणि फाइल बंद. मग कधीतरी कुणाची विहीर आटते, नाहीतर ओढ्यात तांबूस गाळ दिसायला लागतो, आणि तेव्हा ती फाइल उघडली तर तिच्यातून काहीच ठरवता येत नाही, खाणीमुळे झालं असंही नाही आणि खाणीमुळे झालं नाही असंही नाही. कारण पाण्याचा एकटा आकडा मुका असतो. सल्फेट (पाण्यात विरघळलेला गंधकाचा क्षार) लिटरला ४०० मिलिग्रॅम आलं, बरं मग? तेव्हा प्रवाह किती होता? ओढ्याच्या वरच्या अंगाला किती होतं? खाण सुरू व्हायच्या आधी किती होतं? पातळी दोन मीटर उतरली म्हणता, पण त्या वर्षी पाऊस किती झाला, खाणीतून उपसा किती झाला, आसपासचे शेतीपंप किती चालले? खाली जे सांगतोय ते सगळं या जोड्या कशा जमवायच्या याबद्दलच आहे.

पायरी १: खाण पाण्याचं नेमकं काय करते ते आधी समजून घ्या

बाटल्या घ्यायच्या आधी कागद घ्या. भूगर्भाचा नकाशा, खाणीचा आराखडा, ओढेनाले, डंप (खोदलेल्या माती-खडकाचे ढीग) कुठे, संप (खाणीतलं पाणी गोळा होतो तो खड्डा) कुठे, कोळसा धुवायचा प्लांट असेल तर त्याचे स्लरीचे, म्हणजे कोळशाच्या चिखलपाण्याचे, तलाव कुठे, वर्कशॉप कुठे, सगळं एकाच नकाशावर आणा. मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की इथून पाण्यात काय जाऊ शकतं आणि कुठल्या वाटेनं जाईल.

ढोबळमानानं चार गोष्टी होतात. एक, खाण कोरडी ठेवायला सतत उपसा करावा लागतो, त्यामुळे भोवतीची पातळी खाणीच्या दिशेनं उतरत जाते. दोन, फोडलेला खडक आणि डंप यांच्यावर पाऊस पडला की माती आणि कोळशाची भुकटी ओढ्यात येते. तीन, पायराइट. चार, बाकीचं सगळं: स्फोटकांमधून नायट्रेट आणि अमोनिया, वर्कशॉपमधून तेल-ग्रीस, खोल थरातलं खारट पाणी. खाण भूमिगत असेल आणि वरचं छप्पर मुद्दाम खाली बसू देत असतील तर आणखी एक गोष्ट होते, वरच्या खडकाला भेगा पडतात आणि ओढ्याचं पाणी एखाद्या टप्प्यात चक्क जमिनीत गायब होऊन खाली कुठेतरी परत वर येतं, म्हणून अशा खाणीवर ओढ्याचा प्रवाह एका जागी मोजून भागत नाही.

पायराइटबद्दल जरा जास्त बोलायला हवं कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज, कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या शेल नावाच्या चिकणमातीच्या खडकात असतं. जमिनीत गाडलेलं असेपर्यंत ते शांत असतं, हवा आणि पाणी मिळालं की त्यातून सल्फेट, विरघळलेलं लोह आणि ॲसिड तयार होतं. आता लोक काय करतात, ॲसिड म्हणजे पीएच, म्हणून फक्त पीएच बघतात, आणि ७.५ आला की निर्धास्त होतात. पण खडकात चुनखडीसारखी खनिजं असली तर ती ॲसिड मारून टाकतात, पीएच सरळ राहतो, आणि सल्फेट मात्र चढत जातं, सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कडकपणाही. म्हणजे पायराइटवर हवा-पाण्याची ही क्रिया चालू आहे हे पहिल्यांदा सल्फेट सांगतं, त्यानंतर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड मारायची ताकद, उतरायला लागते, आणि पीएच सगळ्यात शेवटी पडतो, तोही पडला की धाडकन पडतो. ज्याच्याकडे सल्फेट आणि अल्कलिनिटीची जुनी नोंद आहे त्याला हे बरंच आधी दिसतं.

शक्य असेल तर डंपमधे जाणाऱ्या खडकाचीच आधी तपासणी करून घ्या. त्यात एक सरळ हिशेब वापरतात, सल्फाइडच्या रूपातलं गंधक टक्क्यांत काढायचं आणि ३१.२५ नं गुणायचं, म्हणजे एक टन खडकातलं ॲसिड मारायला किती किलो कॅल्शियम कार्बोनेट लागेल ते कळतं. गंधक १ टक्का असेल तर टनामागे ३१.२५ किलो. खडकात स्वतःत तेवढी मारायची ताकद आहे का, ते दुसऱ्या टेस्टमधून येतं. ही जोडी हातात असली तर कुठल्या डंपच्या पायथ्याशी जास्त लक्ष ठेवायचं ते आधीच ठरवता येतं.

पायरी २: खाणीआधीची नोंद

हिला पर्याय नाही. खाण सुरू झाल्यावर "आधी कसं होतं" हे परत मोजता येत नाही. किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे ओला आणि कोरडा दोन्ही हंगाम आले पाहिजेत, पण एक वर्ष म्हणजे नशिबाचा खेळ आहे, ते वर्ष नेमकं दुष्काळी किंवा अतिवृष्टीचं निघालं तर सगळी तुलनाच वाकडी होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत तुलनेच्या ओढ्यासाठी दर महिन्याला एक याप्रमाणे दोन वर्षांची, म्हणजे २४ सॅम्पलची नोंद धरतात, तेवढं जमवता आलं तर फार बरं.

याच काळात आसपासच्या सगळ्या विहिरी, बोअर, झरे यांची गणती करून टाका. प्रत्येकाची जागा जीपीएसनं, खोली, व्यास, पंप कोणता, किती तास चालतो, कोरड्या हंगामात पाणी किती खाली जातं, चव कशी, रंग कसा, आणि घरच्या लोकांना विचारून मागच्या दुष्काळात काय झालं होतं ते. मोजलेली आकडेवारी नसते तिथे ही ऐकीव माहितीसुद्धा कामाची ठरते, फक्त ती "मालकांनी सांगितलं" अशीच लिहा, मोजल्यासारखी लिहू नका. तारखेचा फोटो काढा. ज्याची विहीर मोजली त्याला आकडे तिथेच लिहून द्या, पुढे वाद झालाच तर दोघांकडे एकच कागद असतो, आणि माणसं परत दार उघडतात.

खाण आधीच सुरू असेल तर? तर तुलनेची जागा शोधा. तसाच खडक, तसंच शेत-रान, पण खाणीच्या प्रभावाबाहेर. परफेक्ट जोडी मिळणार नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा खूपच चांगलं.

पायरी ३: ओढ्यावरच्या जागा

कमीत कमी इतक्या जागा हव्यात: खाणीच्या वरच्या अंगाला एक, खाणीचं पाणी सोडतात तो पाइप किंवा नाला स्वतः, त्याच्या खाली पाणी पूर्ण मिसळल्यावर एक, आणखी बरंच खाली एक, आणि मधे येऊन मिळणारा प्रत्येक मोठा ओहोळ. शिवाय खाणीतला संप आणि सेटलिंग तलावाचा (गाळ खाली बसू देतात त्या तलावाचा) आउटलेट.

"पूर्ण मिसळल्यावर" हे शब्द लोक वाचून सोडून देतात. सोडलेलं पाणी बरंच अंतर एकाच काठानं वाहत जातं, तुम्ही समोरच्या काठावरून बाटली भरली तर वरच्या अंगाचंच पाणी भरताय. तपासायला सोपं आहे, ईसी मीटर (पाण्यातून वीज किती सहज वाहते, म्हणजे त्यात क्षार किती, ते दाखवणारं यंत्र) घेऊन ओढा आडवा ओलांडा, या काठापासून त्या काठापर्यंत पाच-सहा ठिकाणी रीडिंग घ्या, सगळी सारखी आली तर तिथे मिसळलंय, नाहीतर आणखी खाली जा. आणि हे कमी प्रवाहात एकदा आणि जास्त प्रवाहात एकदा करा.

पायरी ४: प्रवाह मोजा, नाहीतर बाकीचं मोजू नका

हे जरा कडक वाटेल पण मला खरंच असं वाटतं. प्रवाह न मोजता घेतलेलं ओढ्याचं सॅम्पल अर्धं वाया जातं.

छोटा झिरपा असेल तर बादली आणि स्टॉपवॉच, याहून अचूक काही नाही. नाली असेल तर ९० अंशाचा व्ही आकाराचा नॉच, म्हणजे तशी खाच कापलेली आडवी फळी, बसवा. त्यातल्या पाण्याची उंची मीटरमधे घ्यायची, नॉचच्या तोंडाशी नाही तर थोडं मागे जिथे पाण्याचा उतार सुरू झालेला नाही तिथे, त्या उंचीचा २.५ वा घात काढायचा आणि १.३८ नं गुणायचं, उत्तर घनमीटर दर सेकंद. उंची २० सेंटिमीटर असेल तर साधारण २५ लिटर दर सेकंद येतात. ओढा मोठा असेल तर त्याचे आडवे भाग पाडून प्रत्येक भागात खोली आणि करंट मीटरनं वेग, उथळ पाण्यात पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली एकच रीडिंग, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ पट खाली दोन आणि त्यांची सरासरी. मीटर नसेल तर तरंगणारी काठी सोडून वेग काढा आणि ०.८५ नं गुणा कारण पृष्ठभागावरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात वाहतं. वेगवेगळ्या पातळ्यांना असं बरेचदा मोजलं की पातळी आणि प्रवाह यांचा आलेख तयार होतो, मग नुसती पट्टी वाचून प्रवाह कळतो. मोठा पूर आला की तळ बदलतो, तेव्हा आलेख परत तपासा.

आता याचा फायदा बघा. समजा वरच्या अंगाला ओढ्यात २०० लिटर दर सेकंद वाहताहेत आणि सल्फेट ३० मिलिग्रॅम दर लिटर आहे. खाणीच्या पाइपातून २५ लिटर दर सेकंद येतात आणि सल्फेट ४००. म्हणजे वरून सेकंदाला ६ ग्रॅम आले, पाइपातून १० ग्रॅम, एकूण १६ ग्रॅम, पाणी २२५ लिटर. खाली सल्फेट ७१ च्या आसपास यायला पाहिजे. तुम्ही मोजलंत आणि ९५ आलं. प्रवाह मात्र २२५ च आहे. ९५ गुणिले २२५ म्हणजे सेकंदाला २१ ग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे ५ ग्रॅमच्या वर सल्फेट असं येतंय जे कुठल्याच पाइपातून येत नाही, दिवसाचे जवळपास ४६० किलो. मोजमापाच्या चुकीत बसेल इतका हा फरक लहान नाही, तेव्हा डंपच्या पायथ्याकडून किंवा स्लरी तलावाखालून जमिनीतनं पाणी झिरपतंय असा संशय घ्यायचा आणि ईसी मीटर घेऊन तो टप्पा पायी चालायचा, दर ५० मीटरला रीडिंग, जिथे उडी दिसली तिथे काठ शोधायचा. आणि गंमत म्हणजे ९५ हा आकडा कुठल्याही पिण्याच्या पाण्याच्या निकषात आरामात बसतो, रिपोर्टमधे त्याच्यापुढे "मर्यादेत" असंच आलं असतं.

पावसाचं वेगळं बघावं लागतं. गाळ वर्षभर सारखा येत नाही, मोजक्या जोरदार पावसांत जवळपास सगळा येतो, आणि त्यातही ओढा चढत असताना जास्त, उतरताना कमी. ठरलेल्या तारखेला जाणारा माणूस हे कधीच पकडत नाही. ऑटोसॅम्पलर (आपोआप बाटल्या भरणारं यंत्र) असेल तर तो पातळी चढली की सुरू होईल असा लावा, नसेल तर गढूळपणा मोजणारा सेन्सर ठेवा आणि काही सॅम्पलचा गाळ लॅबमधे मोजून त्या जागेपुरतं दोन्हीचं नातं बसवा. एका ओढ्याचं नातं दुसऱ्याला लावू नका, कोळशाची भुकटी आणि चिकणमाती सेन्सरला वेगळी दिसतात.

पायरी ५: निरीक्षणाचे बोअर

इथला एकच मोठा नियम: एका बोअरनं एकाच जलधराचं, म्हणजे पाणी धरणाऱ्या एकाच थराचं, पाणी दाखवायचं. वरचा माती-मुरमाचा थर, मधला वाळूखडक, कोळशाचा थर (तो स्वतःही बऱ्याचदा पाणी धरतो), आणि कोळशाखालचा खडक, या सगळ्यांची पातळी आणि पाणी वेगवेगळं असू शकतं. वरपासून खालपर्यंत उघडा बोअर मारला तर जी पातळी दिसते ती कुणाचीच नसते, वर त्या बोअरमधूनच एका थराचं पाणी दुसऱ्यात जायला लागतं. म्हणून एकाच जागी शेजारी शेजारी वेगवेगळ्या खोलीचे बोअर घ्या. खोल थराची पातळी झपाट्यानं उतरतेय आणि उथळ थराची जागच्या जागी आहे असं दिसलं तर मधला थर अजून पाणी अडवून धरतोय. दोन्ही सोबत उतरायला लागल्या तर तो आता अडवत नाहीये.

बांधणी: हव्या त्या खोलीवर स्लॉट पाडलेला पाइप, भोवती धुतलेली बारीक खडी, तिच्यावर बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं) सील, वरपर्यंत ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण), जमिनीवर काँक्रीटचा उतरता ओटा आणि कुलपाचं झाकण. मग बोअर स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा, ड्रिलिंगचा चिखल आत राहिला तर पुढे कित्येक महिने लोह आणि ॲल्युमिनियमचे खोटे आकडे येत राहतात. पाइपाच्या तोंडावर एक खूण करा, सगळी मापं त्याच खुणेपासून, आणि त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्व्हे करून घ्या. हे केलं नाही तर दोन बोअरच्या पातळ्यांची तुलनाच करता येत नाही आणि पाणी कुठून कुठे वाहतंय तेही कळत नाही. दिशा काढायला सरळ रेषेत नसलेले निदान तीन बोअर लागतात, एकाच थरातले.

जागा निवडताना खाणीपासून एका ओळीत लांब लांब जाणारे बोअर घ्या म्हणजे पातळी उतरण्याचा परिणाम किती दूर पोचला ते दिसतं, डंप आणि स्लरी तलावाच्या खालच्या अंगाला वेगळे, आणि किमान एक-दोन बोअर इतके लांब की खाणीचा उपसा तिथे पोचणारच नाही. लोकांच्या वापरातल्या विहिरीही यादीत ठेवा, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका, पंप नुकता बंद केलेल्या विहिरीची पातळी म्हणजे पंपाची बातमी, जलधराची नव्हे.

पायरी ६: पातळी

डिप मीटरनं (पाण्याला टेकली की आवाज देणारी टेप) महिन्यातून एकदा, आणि महत्त्वाच्या बोअरमधे लॉगर, म्हणजे आत टांगून ठेवायचा, आपोआप नोंद करणारा सेन्सर. साधा लॉगर पाणी आणि हवा दोघांचा मिळून दाब मोजतो, हवेचा दाब १० हेक्टोपास्कलनं बदलला तर पातळी १० सेंटिमीटर हलल्यासारखी दिसते, म्हणून हवेचा दाब मोजणारा एक लॉगर जवळपास हवाच, आणि त्याचा दाब वजा करायचा. दर भेटीला हातानं मोजून लॉगरशी ताडून बघा, दोरी सरकणं आणि सेन्सर हळूहळू भरकटणं हे नेहमीचं आहे.

सोबत तीन वह्या चालू ठेवा: रोजचा पाऊस, खाणीतून रोज किती पाणी उपसलं (पंपाचे तास नाही, मीटरचं रीडिंग), आणि खाण कुठल्या दिशेनं किती पुढे सरकली. पातळीचा आलेख या तिन्हींच्या वर ठेवूनच वाचायचा. कोरड्या हंगामात खाणीतून जो उपसा होतो तो बहुतांशी भूजलाचाच असतो, तो वर्षागणिक वाढतोय का बघा. आणि लांबचा बोअर पावसानंतर नेहमीसारखा वर आला पण जवळचा आला नाही, तर पावसाला दोष देता येत नाही.

पायरी ७: सॅम्पल घेणं

बोअरमधे उभं राहिलेलं पाणी हे थरातलं पाणी नसतं, ते हवेशी आणि पाइपाशी खेळून बदललेलं असतं. ते काढून टाकायला दोन रीती आहेत. जुनी रीत म्हणजे पाण्याच्या तिप्पट आकारमान उपसा: ५० मिलिमीटरच्या पाइपात २० मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण ३९ लिटर, म्हणजे ११८ लिटर काढायचं. दुसरी रीत म्हणजे स्लॉटसमोर पंप ठेवून मिनिटाला जेमतेम ०.१ ते ०.५ लिटर इतक्या हळू काढायचं, पातळी फार खाली जाऊ न देता. दोन्हीत काही मिनिटांच्या अंतरानं पीएच, ईसी, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन बघत राहायचं आणि सलग तीन रीडिंग स्थिर आली, पीएच ०.१ च्या आत आणि ईसी ३ टक्क्यांच्या आत, की मगच बाटली भरायची. कुठलीही एक रीत धरा आणि तीच ठेवा, मधेच बदलली तर जुन्या आकड्यांशी तुलना गेली.

पीएच, ईसी, ऑक्सिजन आणि जमल्यास अल्कलिनिटी जागेवरच मोजा. खाणीच्या पाण्यात विरघळलेलं लोह असलं की ते बाटलीत हवेशी मिळून गाळ होतं आणि पीएच उतरतो, उलट कार्बन डायऑक्साइड उडून गेला तर पीएच चढतो, त्यामुळे दोन दिवसांनी लॅबनं काढलेला पीएच हा त्या बाटलीचा असतो, बोअरचा नाही. मीटर त्याच दिवशी सकाळी कॅलिब्रेट केलेला हवा, पीएच ४, ७ आणि १० च्या बफरनं, ईसी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणानं, आणि ते वहीत लिहिलेलं हवं.

बाटल्यांचं असं: विरघळलेल्या धातूंसाठी पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग नायट्रिक ॲसिड, पीएच २ च्या खाली. आधी ॲसिड आणि मग फिल्टर केलं तर मातीच्या कणांतले धातूसुद्धा सुटून येतात आणि आकडा फुगतो. एकूण धातूंसाठी न गाळता ॲसिड. ओढ्यात दोन्ही घ्या, त्यांच्यातला फरक म्हणजे गाळासोबत वाहणारा भाग. सल्फेट, क्लोराइड, अल्कलिनिटीला काही घालायचं नाही, नुसतं थंड, ४ अंशांच्या आसपास. नायट्रेट तसंच ठेवलं तर ४८ तासांत तपासून झालं पाहिजे. गाळाला ७ दिवस. तेल-ग्रीसला काचेची बाटली, आणि ती दुसऱ्या भांड्यातून ओतायची नाही कारण तेल भांड्यालाच चिकटून राहतं. बॅक्टेरिया तपासायचे असतील तर निर्जंतुक बाटली आणि त्याच दिवशी लॅब.

दर दहा-वीस सॅम्पलमागे एक डुप्लिकेट, म्हणजे त्याच जागेची दुसरी बाटली, आणि प्रत्येक फेरीत एक ब्लँक, म्हणजे शुद्ध पाणी जागेवर नेऊन त्याच फिल्टरमधून त्याच बाटलीत भरलेलं. लॅबला कुठली कोणती ते सांगायचं नाही.

आणि सुरक्षितता. एकट्यानं जायचं नाही. स्लरी तलावाचा पृष्ठभाग वाळलेला दिसला तरी त्यावर पाय ठेवायचा नाही. खाणीजवळच्या बोअरमधून मिथेन येऊ शकतो, झाकण उघडलं की तोंड वर नेऊन डोकावू नका आणि तिथे सिगरेट तर नाहीच. उतरून मोजायची विहीर असेल तर उतरूच नका, तळाशी ऑक्सिजन नसलेली हवा साठलेली असू शकते आणि तिला वास नसतो.

पायरी ८: रिपोर्टवर लगेच विश्वास ठेवू नका

लॅबचा रिपोर्ट आला की पहिल्यांदा आयन बॅलन्स करा. पाण्यात धन आणि ऋण भार समान असतात, आकड्यांतही यायला पाहिजेत. मिलिग्रॅम दर लिटरमधले आकडे घ्या, कॅल्शियम २०.०४ नं भागा, मॅग्नेशियम १२.१५ नं, सोडियम २२.९९ नं, पोटॅशियम ३९.१ नं, हा झाला एक गट. बायकार्बोनेट ६१ नं, सल्फेट ४८ नं, क्लोराइड ३५.४५ नं, नायट्रेट ६२ नं, हा दुसरा. दोन्ही बेरजांतला फरक भागिले एकूण बेरीज. ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १० च्या बाहेर गेला तर लॅबला फोन. दुसरी झटपट तपासणी, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम दर लिटर) भागिले ईसी (मायक्रोसीमेन्समधे), साधारण ०.५५ ते ०.७५ मधे यावं, सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात ते थोडं वर जातं. या दोन गोष्टी पाच मिनिटांत होतात आणि अदलाबदल झालेल्या बाटल्या, चुकलेलं दशांश चिन्ह, सगळं यातच सापडतं.

जे सापडलं नाही तिथे शून्य लिहू नका. "०.०१ पेक्षा कमी" असंच लिहा. लॅब बदलली आणि नव्या लॅबची सापडण्याची मर्यादा वेगळी असली तर शून्य लिहिलेल्या तक्त्यात आर्सेनिक एकदम वाढल्यासारखं दिसतं.

पायरी ९: आकड्यांमधून अर्थ

मर्यादा कुठली ते आधी विचारा. सेलेनियमचंच बघा, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ४० मायक्रोग्रॅम दर लिटर आहे, पण माशांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१६ मधे वाहत्या पाण्याला ३.१ आणि साठलेल्या पाण्याला १.५ ठरवला, कारण सेलेनियम अन्नसाखळीत साठत जातं आणि माशांच्या अंड्यांवर परिणाम करतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या एल्क खोऱ्यात कोळसा खाणींच्या डंपमधून हेच सेलेनियम येतं आणि तिथला तो मोठा प्रश्न आहे. म्हणजे एकच आकडा माणसाला चालणारा आणि माशाला न चालणारा असू शकतो. म्हणून ओढ्यातले तळाचे किडे, अळ्या, गोगलगायी वर्षातून एक-दोनदा मोजून घ्या, तुम्ही नव्हता त्या दिवशीचं पाणीही त्यांनी भोगलेलं असतं.

मग जोड्या. सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही सारख्याच पटीत वाढले तर बाष्पीभवन असू शकतं, सल्फेट एकटंच वाढलं तर पायराइटकडे बघा. नायट्रेट वाढलं तर शेतातलं खत आणि खाणीतली स्फोटकं दोन्ही उमेदवार आहेत, वरच्या अंगाचा आकडा आणि खाणीच्या संपातला आकडा शेजारी ठेवल्याशिवाय बोलू नका. कल सिद्ध करायचा असेल तर डोळ्यांनी रेघ ओढू नका, मॅन-केंडल नावाची संख्याशास्त्रातली टेस्ट वापरा, हंगामाचा परिणाम वेगळा काढणारा तिचा प्रकारही आहे आणि फुकट सॉफ्टवेअरमधे मिळतो.

आणि कायदेशीर मर्यादा ओलांडायची वाट बघायची नाही. आधीच्या नोंदीवरून स्वतःच्या पायऱ्या ठरवा. एक चांगली पद्धत म्हणजे तुलनेच्या जागेच्या आकड्यांतला ८० वा शतमक (ज्याच्या खाली ८० टक्के आकडे येतात तो) घ्यायचा, आणि खालच्या जागेचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) त्याच्या वर गेला की पहिली घंटा. पहिल्या घंटेला परत सॅम्पल आणि आयन बॅलन्स. दुसऱ्यांदाही आलं तर महिन्याऐवजी आठवड्याला मोजणी आणि टप्पा पायी तपासणं. तिसऱ्या पातळीला कृती: विसर्ग थांबवणं, पाझर अडवणं, ज्यांच्या विहिरीवर परिणाम झाला त्यांना दुसरं पाणी. प्रत्येक पातळीपुढे कोण काय करणार आणि किती दिवसांत, ते खाण सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा, वाद सुरू झाल्यावर ते कुणी लिहू देत नाही.

पायरी १०: खाण बंद झाल्यावर

पंप बंद झाले की पाणी परत चढायला लागतं आणि खरं रसायनशास्त्र तेव्हा सुरू होतं. उघड्या पडलेल्या खडकावर वर्षानुवर्षं साठलेले लोह आणि सल्फेटचे क्षार चढत्या पाण्यात एकदम विरघळतात, म्हणून पहिल्यांदा बाहेर येणारं पाणी सगळ्यात वाईट असतं आणि मग ते वर्षं, कधी दशकं घेत सुधारतं. इंग्लंडच्या डरहॅम भागात समुद्रकाठच्या कोळसा खाणी बंद झाल्या तरी पाणी उपसून शुद्ध करत राहावं लागतं, नाहीतर ते वरच्या मॅग्नेशियमयुक्त चुनखडीत शिरेल आणि त्या चुनखडीतून पिण्याचं पाणी घेतात.

तेव्हा बंद होण्याआधीच ठरवा की पाणी चढून सगळ्यात आधी कुठे बाहेर पडेल: सगळ्यात खालचं जुनं तोंड, जुनी शाफ्ट (खाणीची उभी विहीर), एखादा फॉल्ट (खडकातली मोठी भेग). चढण्याच्या काळात लॉगर चालू ठेवा, चढण्याचा वेग शेवटी शेवटी मंदावतो आणि त्यावरून बाहेर पडायची वेळ बऱ्यापैकी सांगता येते. खड्ड्यात तलाव होत असेल तर त्याचं पाणी वरून एक बाटली भरून तपासू नका, वेगवेगळ्या खोलीवरून घ्या, तळाला ऑक्सिजन नसलेलं खारट पाणी वेगळंच बसलेलं असू शकतं.

बोअर सगळे ठेवायची गरज नसते. डंपखालचे, पाणी बाहेर पडणाऱ्या वाटेवरचे, गावाच्या विहिरींच्या वाटेवरचे आणि लांबचा तुलनेचा, इतके ठेवा आणि त्यांची जागा पुढच्या जमीनमालकाच्या कागदांत लिहून घ्या, नाहीतर कुणीतरी नांगरताना तोडतं. बाकीचे तळापासून वरपर्यंत ग्राउटनं भरून बंद करा, नुसतं झाकण लावून सोडू नका, कारण केसिंग (बोअरचा पाइप) गंजली किंवा फुटली की तोच पाइप खालचं खाणीचं पाणी थेट वरच्या थरात आणून सोडतो.